जेआरडींची एअर इंडिया: बारकाव्यांतून उभी राहिलेली विमान कंपनी

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळी एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान मुंबईकडे निघालं. आत प्रवासी कोणी नव्हता. होतं पंचवीस किलो टपाल आणि ते घेऊन येणारे अठ्ठावीस वर्षांचे वैमानिक, जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सोबत ना रेडिओ, ना वाट दाखवणारी यंत्रणा. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं आणि पुढचं टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला रवाना झाले. एअर इंडियाचा जन्म हा असा झाला.

जेआरडींचा जन्म १९०४चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, वडील पारशी. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहायला जायचं. विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे लुई ब्लेरिओ तिथे त्यांचे शेजारी. विमानाचं वेड लागलं ते तिथेच. १९२९ मध्ये भारतात दिल्या गेलेल्या वैमानिक परवान्यांतला पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उडण्याच्या आगाखान स्पर्धेत ते उतरले. इजिप्तमध्ये उलट दिशेने येणारा तरुण स्पर्धक अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. स्पर्धा अस्पीने जिंकली आणि पुढे तो भारताचा हवाईदलप्रमुख झाला.

टपालसेवेची कल्पना व्हिन्सेंट यांची. ब्रिटिश हवाईदलातून बाहेर पडलेला हा वैमानिक प्रस्ताव घेऊन टाटांकडे आला. समूहाचे तेव्हाचे अध्यक्ष सर दोराबजी राजी नव्हते. जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी त्यांची समजूत घातली आणि दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झालं. सरकारने अनुदान दिलं नाही. जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एक पूर्णवेळ वैमानिक, एक अर्धवेळ अभियंता आणि दोन शिकाऊ मेकॅनिक, एवढाच काय तो पसारा. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. तरीही विमानं वेळेवर सुटत आणि वेळेवर पोहोचत. पहिल्याच वर्षी साठ हजारांचा नफा झाला.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, कापड असा मोठा डोलारा अंगावर आला, पण जीव विमानातच राहिला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला झेपावलं. नव्या स्वतंत्र देशाचा झेंडा घेऊन युरोपला निघालेली ही पहिलीच सेवा.

पाच वर्षांनी सरकारने विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींनी त्याला कडाडून विरोध केला होता. आपण उभी केलेली कंपनी हातची गेली तरी त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली नाही. सरकारच्या विनंतीवरून ते परदेशी उड्डाणं सांभाळणाऱ्या एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्ष राहिले, एक-दोन नाही तर तब्बल पंचवीस वर्षं, एक पैसाही पगार न घेता.

या पंचवीस वर्षांत त्यांनी काय केलं, याचं उत्तर त्यांच्या टिपणांत सापडतं. प्रवासात ते वही घेऊन बसत आणि उतरल्यावर वरिष्ठांच्या टेबलावर टिपणं येत. चहा आणि कॉफी एकाच रंगाची का दिसते? पडद्याचा रंग विटला आहे, स्वच्छतागृह नीट पुसलेलं नाही, कर्मचाऱ्याचे केस नियमात नाहीत. एखादा काउंटर मळका दिसला तर फडकं घेऊन स्वतः पुसायलाही ते मागेपुढे पाहत नसत. परदेशी कंपन्यांकडे पैसा आणि विमानं जास्त. त्यांना मागे टाकायचं तर ते सेवेतच, हे त्यांनी ओळखलं होतं. कंपनीतल्या बॉबी कूका यांच्या डोक्यातून निघालेला आणि चित्रकार उमेश राव यांनी रेखाटलेला एअर इंडियाचा शुभंकर महाराजा जगभर लाडका झाला, त्याच्या पाठीशी ही करडी नजर होती. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि १९६२ मध्ये एअर इंडिया जगातली पहिली संपूर्ण जेट विमान कंपनी ठरली.

या वाटचालीत दुःखाचे दिवसही आले. १९६६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लांवर कोसळलेल्या 'कांचनजंगा' विमानात अणुशास्त्रज्ञ होमी भाभा गेले. १ जानेवारी १९७८ रोजी 'एम्परर अशोक' हे विमान वांद्र्याजवळ समुद्रात पडलं आणि २१३ जणांचा बळी गेला. त्यानंतर महिनाभरातच मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. जन्म दिलेल्या संस्थेतून असा निरोप मिळणं हा त्यांच्यावर अन्याय होता, आणि एअर इंडियावर त्याहून मोठा. पुढे ते संचालक मंडळावर परतले, पण धुरा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई हा प्रवास छोट्या विमानातून पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि पुढच्या वर्षी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. नवी विमानं पैशाने घेता येतात, रंगरूपही बदलता येतं. पण अध्यक्षाने स्वतः प्रवासी म्हणून बसावं, चहा चाखावा, घड्याळ पाहावं आणि चुकलं ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावं, ही शिस्त विकत मिळत नाही. एअर इंडियाला मोठं केलं ते या शिस्तीने, आणि तिला पुन्हा उभं करायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.