सशाच्या पिल्लाची सर्दी : कारणे व काळजी

ससा प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतो. म्हणून पिल्लाचे वाहते नाक ही किरकोळ बाब ठरत नाही. येरवड्यासारख्या दाट वस्तीच्या भागात पिंजरा कोंदट कोपऱ्यात राहिल्यास मूत्रातून निघणारा अमोनिया श्वसनमार्गाचे अस्तर दुखावतो व ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’सारख्या जिवाणूंस वाव मिळतो. शिंका, पांढरट स्राव आणि नाक पुसल्याने पुढच्या पायांवर चिकटलेले केस ही त्याची प्रमुख लक्षणे होत. घरातील अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देणे मात्र घातक. त्यामुळे आतड्यांतील जिवाणूंचे संतुलन बिघडून प्राणघातक अतिसार उद्भवू शकतो. पिंजरा कोरडा व हवेशीर ठेवावा, आजारी पिल्लू वेगळे करावे, गवत व पाणी सतत द्यावे. स्राव दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. खाणे थांबल्यास वा पिल्लू तोंडाने श्वास घेऊ लागल्यास क्षणाचाही विलंब लावू नये.