नाव बदलते, किल्ली तीच

आमच्या जिल्ह्याचे नाव दोन प्रकारे लिहिले जाते : बुलडाणा आणि बुलढाणा. कोणते शुद्ध, हा वाद जुना आहे. पण इथे नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर ‘एमएच-२८’ असते आणि तिथे वाद संपतो. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी तिथल्या गाड्यांची ‘एमएच-२०’ ही खूण बदलली नाही. नाव माणसांसाठी असते, खूण नोंदीसाठी. तांत्रिक लेखनातली एक महत्त्वाची पद्धत याच फरकावर उभी आहे.

यंत्राची माहितीपुस्तिका, दुरुस्तीच्या सूचना, धोक्याचे इशारे यांत तोच मजकूर पुनःपुन्हा लागतो. तो उचलून दहा ठिकाणी डकवला, की पुढे बदल करताना नऊ जागा दुरुस्त होतात, दहावी राहून जाते. आणि नेमकी तीच पुस्तिका कारागिराच्या हाती पडते. यावर उपाय म्हणून आयबीएम कंपनीत ‘डिटा’ नावाची रचना तयार झाली. २००५ मध्ये ती ओएसिस या संस्थेचे मानक बनली. मजकूर एकदाच लिहायचा आणि इतरत्र त्याचा फक्त पत्ता द्यायचा, ही तिची पहिली युक्ती. पण पत्त्यात फाइलचे नाव असते. फाइल हलली की दुवा तुटतो. म्हणून २०१० च्या १.२ या आवृत्तीत ‘किल्ल्या’ आल्या. लेखक मजकुरात पत्ता लिहीत नाही, एक ठरलेले नाव लिहितो. त्या नावाचा अर्थ ‘नकाशा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये दिलेला असतो. पुस्तिका तयार होताना संगणक किल्लीच्या जागी तो अर्थ बसवतो. नकाशा बदलला की मजकुराला हात न लावता पुस्तिका बदलते.

आमच्याच जिल्ह्यातले लोणार सरोवर घेऊ. ते ज्वालामुखीचे विवर, असे पूर्वी मानले जाई. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते आघाती विवर असल्याचे भक्कम पुरावे दिले. त्याचे वय तप्तदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. फरक जवळजवळ अकरा पटींचा. पण माहितीपत्रके एकमेकांवरून उतरवली जातात, म्हणून ५२ हजारांचा आकडा अजून फिरतो. ‘लोणार-वय’ अशी एक किल्ली असती, तर दुरुस्ती एकाच ओळीत झाली असती. शाळेच्या पत्रकाला एक नकाशा आणि अभ्यासकांच्या पुस्तिकेला दुसरा जोडला, तर एकीकडे साधा आकडा येईल, दुसरीकडे पद्धत आणि त्रुटीची मर्यादा यांसह.

मराठीत मात्र एक अडचण आहे, ती इंग्रजीत इतकी जाणवत नाही. आपले नाम प्रत्ययाआधी रूप बदलते. ‘जिल्हा-नाव’ या किल्लीत ‘बुलडाणा’ ठेवून मजकुरात पुढे ‘त’ जोडला, तर ‘बुलडाणात’ असे बेढब रूप छापले जाईल. हवे असते ‘बुलडाण्यात’. ‘छत्रपती संभाजीनगर’ला ही अडचण कमी येते, तिथे बरेच प्रत्यय सरळ लागतात. म्हणून मराठीत एकतर सरळ रूप आणि सामान्यरूप अशा दोन किल्ल्या कराव्या लागतात, किंवा ‘बुलडाणा जिल्ह्यात’ अशी वाक्यरचना करून प्रत्यय शेजारच्या शब्दावर ढकलावा लागतो. मी दुसरा मार्ग पसंत करतो. वाक्य थोडे लांबते, पण नावाला धक्का लागत नाही.

किल्ली कुठे लावू नये, हेही ठरवावे लागते. लोणारविषयीच्या संशोधनाचा इतिहास लिहिताना ‘त्या काळी वय ५२ हजार वर्षे मानले जाई’ या वाक्यातला आकडा किल्लीने आला, तर नकाशा बदलताच भूतकाळही बदलेल आणि वाक्य खोटे ठरेल. अवतरणे, जुने दस्तऐवज, कालदर्शक विधाने यांत शब्द जसाच्या तसा लिहावा. शिवाय दोन वयांपैकी कोणते स्वीकारायचे, हे कोणतीही किल्ली सांगत नाही. तो निर्णय माणसाचाच. या पद्धतीने तो एका जागी घेतला जातो, आणि चुकला तर कुठे दुरुस्त करायचा हे सर्वांना ठाऊक असते.