फळा पुसट का दिसतो?



आज डोळ्यांविषयी बोलू. सासू-सासऱ्यांच्या मोतीबिंदूविषयी नाही, तर सातवी ते दहावीतल्या आपल्या लेकरांच्या डोळ्यांविषयी. मूल टीव्हीला चिकटून बसतं, लांबचं बघताना डोळे बारीक करतं, येणाऱ्या एसटीची पाटी त्याला वाचता येत नाही. पुस्तक मात्र नीट वाचतं. याला लघुदृष्टी म्हणतात. आपण म्हणतो, वजा नंबर लागला.

होतं काय, तर वाढत्या वयात हातपाय वाढतात तसा डोळ्याचा गोळाही वाढतो. तो हवा त्यापेक्षा लांबट झाला, की लांबच्या वस्तूचं चित्र डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडतं. लांबलेला गोळा पुन्हा आखूड होत नाही. म्हणून गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून हा नंबर उतरत नाही. गाजर, पालेभाज्या रातांधळेपणा टाळायला चांगल्या, त्या जरूर द्या. पण ते दुखणं वेगळं.

आईबापाला चष्मा म्हणून पोराला, असं आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. इस्राएलमधल्या कर्मठ ज्यू समाजातली मुलं लहानपणापासून रोज कितीतरी तास बारीक अक्षरातले धर्मग्रंथ वाचतात. त्यांच्या मुलींच्या शाळेत एवढं वाचन नसतं. १९९३ साली छापलेल्या एका अभ्यासात तिथल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचे डोळे तपासले होते. १०० मुलांमागे ८१ जणांना लघुदृष्टी, मुलींमध्ये मात्र ३६ जणींना. आणि साध्या शाळेतल्या मुलांमध्ये फक्त २७ जणांना. समाज एक, रक्त एक, फरक शाळेचा. ब्रिटनमध्ये हजारो लोकांच्या तपासणीवरून २०१८ साली असं दिसलं, की शिक्षणाच्या एकेका जादा वर्षामागे सरासरी पाव नंबर वजाकडे सरकतो.

मग पोरीला शाळेतून काढायची का? मुळीच नाही! कारण दोष अक्षरांचा एकट्याचा नाही. शाळा आणि शिकवणी मिळून लेकरांचा दिवसाचा उजेड काढून घेतात, तो खरा मुद्दा.

सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनी इथल्या चिनी वंशाच्या ६-७ वर्षांच्या मुलांची तुलना झाली. सिंगापुरात १०० पैकी २९ मुलांना लघुदृष्टी, सिडनीत फक्त ३ मुलांना. सिडनीची मुलं वाचत नव्हती असं नाही. पण ती आठवड्याला जवळजवळ १४ तास घराबाहेर असायची, सिंगापूरची जेमतेम ३ तास. भर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि ते गोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं तज्ज्ञ सांगतात. उन्हात तापायची गरज नाही. लिंबाच्या सावलीतला उजेडही वर्गातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. आपल्या उन्हाळ्यात तर सकाळची वेळ आणि झाडाची सावलीच बरी. सूर्याकडे मात्र थेट बघू देऊ नका.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या १०० पैकी ३० जणांना नव्याने लघुदृष्टी आली, बाकीच्या सहा शाळांत ३९ जणांना. तैवानने २०१० पासून शाळांना रोज दोन तास बाहेर काढायचं ध्येय दिलं.

आणि आपल्याकडे? परीक्षा जवळ आली, की खेळाचा तास गणिताला जातो. मुलगी वयात आली, की तिचं अंगणात खेळणंही बंद. पोरगा निदान क्रिकेटला तरी पळतो. मला हे खटकतं. गप्पा मारत चालणं, ओट्यावर बसून शेंगा फोडणं, दोरीवरच्या उड्या, काहीही चालेल. पण तिलाही दिवसाउजेडी बाहेर राहू द्या. मोबाइल घरात ठेवून.

उजेडाचा मोठा उपयोग नंबर लागायच्या आधी. एकदा लागला, की चष्मा हवाच. चष्म्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. नंबर वाढत्या अंगाबरोबर वाढतो, म्हणून दरवर्षी तपासायचा. चीनच्या खेड्यांत मुलांना फुकट चष्मे दिले, तेव्हा त्यांचे गणिताचे गुण सुधारले. स्थळ येणार नाही म्हणून पोरीचा चष्मा लपवणाऱ्या आयांनी हे ऐकावं. फळा दिसत नसलेली पोर ढ ठरते आणि मग खरंच शाळा सोडते.

घरच्या घरी एवढं करा. दोन भावंडांना एकाच जागी उभं करा, एकेक डोळा तळहाताने झाका आणि लांबच्या दुकानाची पाटी वाचायला लावा. एकाला दिसतं, दुसऱ्याला नाही, तर ग्रामीण रुग्णालयात न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्या दिवशी पोरांना घरी ठेवू नका. गरजू शाळकरी मुलांना सरकारी योजनेतून मोफत चष्मा मिळतो, तोही विचारा.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, हे आपल्या गटातल्या किती जणींना ठाऊक आहे? पुढच्या बैठकीला वेळापत्रक मागून घ्या आणि विचारा: खेळाचा तास लिहिलाय तो होतो का, आणि मुली त्या तासाला मैदानावर असतात की वर्गात?