भूकंप आणि आमचीं चिमुकलीं बालकें

भूकंपाचें नांव काढतांच पुष्कळांस वाटतें कीं, ही आपत्ति दूरदेशची. आमचा वऱ्हाड तिच्यापासून निर्धास्त आहे. किल्लारीच्या रहिवाशांचाहि असाच समज होता. तो प्रदेश त्या वेळच्या भूकंप-नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. तथापि ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं तेथील भूमि हादरली आणि सुमारें ८,००० माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १० जुलै २०२४ रोजीं सकाळीं हिंगोलीकडे ४.५ प्रतीचा भूकंप झाला. त्याचा धक्का आमच्या वाशीम जिल्ह्यांतहि जाणवला. म्हणून केनवडसारख्या गांवानें या विषयाचा विचार करणें अगत्याचें आहे.

किल्लारीस एवढा संहार कां झाला? तेथील भिंती जाड होत्या, पण त्या ओबडधोबड दगड मातींत बसवून रचलेल्या होत्या. अशा भिंतीचे दोन पदर असतात व मध्यें दगडगोट्यांची भर असते. धक्का बसतांच पदर एकमेकांपासून सुटले आणि वरचें मातीचें जड माळवद निजलेल्या माणसांवर कोसळलें. यावर उपाय आहेत. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठिकठिकाणीं घालावे. जोत्याशीं, दारांच्या माथ्याशीं व छपराखालीं लोखंडी सळ्यांचा सिमेंट-कांक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून अखंड फिरवावा. दारें कोपऱ्यांपासून दूर ठेवावीं. आणि छप्पर हलकें असावें. पेटीला पट्टी आवळावी त्याप्रमाणें हे पट्टे साऱ्या घरास एकत्र धरून ठेवतात.

आतां बालवाडीकडे वळूं. श्रीमती ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें लहान मुलांसाठीं जें कार्य आरंभिलें, त्याचीच पुढची परंपरा म्हणजे आजची अंगणवाडी. तेथें तीन ते सहा वर्षांचीं मुलें बसतात. हायस्कुलांतील विद्यार्थी सूचना ऐकून स्वतःचें रक्षण करूं शकतो; तीन वर्षांचें मूल मात्र भ्यालें म्हणजे एका जागीं खिळून रडूं लागतें, किंवा कपाटामागें दडून बसतें. त्याच्या वतीनें आधींच विचार करून ठेवणें हें मोठ्यांचें कर्तव्य होय.

म्हणून खोलीची मांडणी मुलाच्या उंचीवरून पाहावी. कपाट भिंतीस खिळ्यापट्टीनें जखडलेलें असावें. शिध्याचे डबे, पाटे-वरवंटे व पाण्याचे हंडे खालींच ठेवावे. मुलांच्या निजण्याच्या सतरंज्या कपाटाजवळ वा खिडकीखालीं अंथरूं नयेत. पत्रे उडूं नयेत म्हणून छपरावर दगड ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ते दगड काढून पत्रे खिळ्यांनीं वा आंकड्यांनीं पक्के करावे. दार बाहेरच्या बाजूस उघडावें व शाळा भरलेली असतां त्यास कडी नसावी. दगडमातीच्या कच्च्या खोलींत बालवाडी भरवूंच नये. ती दुरुस्त होईपर्यंत भिंतींपासून दूर, झाडाची सावली बरी.

तथापि नुसत्या इमारतीनें काम भागत नाहीं, संवय हवी. जपानांत पाळणाघरांतून दरमहा सराव होतो व रांगतीं मुलें चाकांच्या गाडींत घालून बाहेर नेतात. आमच्याकडे हा सराव खेळांतून व्हावा. बाईंनीं "कासव!" म्हणतांच मुलांनीं गुडघे टेकून, मान लववून, दोन्ही हातांनीं डोकें झांकावें. हादरा थांबेपर्यंत तसेंच राहावें व नंतर दोरीच्या गांठी धरून रांगेनें मोकळ्या मैदानांत जावें. अरुंद गल्लींत जाऊं नये. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छमधील अंजार येथें प्रजासत्ताकदिनाच्या फेरींत निघालेलीं शाळकरी मुलें दुतर्फा घरें कोसळून गल्लींतच गाडलीं गेलीं, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. मैदानांत पोहोंचल्यावर हजेरी घ्यावी. आणि मूल कोणाच्या हातीं सोंपवावयाचें, हें पालकांनीं आधींच बाईंस सांगून ठेवावें.

यांपैकीं बहुतेक गोष्टींस पैसा फारसा लागत नाहीं. थोडे खिळे, एक दोरी व महिन्यांतून एक घटका पुरे होते. आमच्या विद्यार्थी-बंधुभगिनींचीं धाकटीं भावंडें याच वयाचीं आहेत. त्यांस अंगणवाडींत पोहोंचवावयास जाल, तेव्हां क्षणभर दारांत उभे राहून भिंतीकडे, कपाटाकडे व छपराकडे एकवार पाहा. आणि जें उणें दिसेल तें त्याच दिवशीं घरीं वडील मंडळींच्या कानीं घाला.