फोन बागेत, टॅबलेट ओसरीवर

पांढुर्णा-सौंसरकडच्या बऱ्याच घरांत आता जो तो आपापला फोन बाळगतो आणि सगळ्यांत मिळून एखादा टॅबलेट असतो. फोन एकट्याचा, टॅबलेट घराचा. ॲप बनवणारे हा फरक विसरले की घोळ सुरू होतो.

संत्र्याचंच घ्या. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे उतरतात. समजा, मुलाने बागेत फोनवर 120 कॅरेट लिहिले आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. घरी वडिलांनी व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून टॅबलेटवर 105 लिहिले. नेटवर्क आल्यावर खरा आकडा कोणता? वाईट ॲप शेवटी आलेला आकडा गुपचूप ठेवून देतं, आणि 15 कॅरेटचे पैसे हातचे जाऊ शकतात. चांगलं ॲप नोंद आधी फोनमध्येच जपतं, ती अजून पोहोचली नाही हे दाखवतं आणि आकडे जुळले नाहीत तर दोन्ही समोर ठेवून विचारतं.

दोन पडद्यांनी मिळून काम करावं, हा विचार जुना आहे. 1997 मध्ये जपानच्या जुन रेकिमोतो यांनी 'पिक-अँड-ड्रॉप' ही पद्धत मांडली. पेनाने एका पडद्यावरची वस्तू 'उचलायची' आणि दुसऱ्यावर 'ठेवायची'. काय कुठून कुठे गेलं, हे डोळ्यांना दिसतं. 2014 मध्ये ॲपलने 'हँडऑफ' आणलं; फोनवर अर्धवट राहिलेलं पत्र आयपॅडवर पुढे लिहिता येऊ लागलं. जवळच्या दोन अँड्रॉइड यंत्रांत क्विक शेअरने इंटरनेट नसतानाही फोटो पाठवता येतात.

पण सगळंच सगळीकडे दिसावं असं नाही. व्हॉट्सॲपचं एक खातं मुख्य फोनशिवाय आणखी चार यंत्रांवर चालतं. सुनेचं खातं घरच्या टॅबलेटवर जोडलं, तर तिचं माहेरशी चाललेलं बोलणं ओसरीवर बसलेल्या कुणालाही वाचता येईल. म्हणून सामाईक पडद्यावर 'संदेश आला' एवढंच दिसावं, मजकूर नाही. बँकेचा ओटीपी तर मुळीच नाही.

आपल्याकडे भाषेचाही प्रश्न आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी. आजीने टॅबलेटवर मराठी आणि मोठी अक्षरं निवडली, म्हणून नातवाच्या फोनचा हिंदी कीबोर्ड बदलायला नको. काम दोन्हीकडे एकच असावं, सवयी ज्याच्या त्याच्या.

आपल्या भागातली कितीतरी मुलं नागपूर-पुण्याला ॲप बनवण्याच्या कामात आहेत. त्यांनी चाचणी घेताना दोन यंत्रं, दोन माणसं आणि मधेच जाणारं नेटवर्क एवढं तरी धरावं. बाकीच्यांनी आजच व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी उघडावी आणि नको असलेलं यंत्र काढून टाकावं. दोन मिनिटांचं काम आहे.