जुन्या लहान मोटारीचा विमा

पर्वणीच्या दिवशी राजघाटावर तापीस्नानासाठी गर्दी लोटते, तेव्हा घाटाच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्या मोटारींकडे कधी लक्ष देऊन पाहा. त्यांत नव्या झगमगीत गाड्या असतात, तशाच दहा-पंधरा वर्षे इमानाने चाकरी केलेल्या लहान गाड्याही असतात. कुणाच्या पाटीवर बुऱ्हाणपूरचा ६८ हा आकडा असतो, कुणाच्या पाटीवर रावेर-जळगावकडचा १९. माझी मातृभाषा कोंकणी. तीत जुन्या वस्तूला ‘पोरणें’ म्हणतात, आणि या शब्दात मला तरी थोडा जिव्हाळा जाणवतो. अशा पोरण्या गाडीच्या मालकांना दरवर्षी एक प्रश्न छळतो : गाडीची किंमत उरली ऐंशी हजार, मग तिच्या विम्यावर पैसे का घालवावेत? प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु विमा म्हणजे एकच वस्तू आहे, या समजुतीवर तो उभा आहे, आणि ती समजूतच खरी नव्हे.

मोटारीचे विमे वस्तुतः दोन. पहिला तिऱ्हाइतासाठी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई करणारा. दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीचा. पहिला आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घातलेले ते बंधन १९८८ च्या कायद्यातही कायम राहिले. दुसरा मात्र सर्वस्वी ऐच्छिक आहे. गाडीच्या किमतीचा विचार करावयाचा तो या दुसऱ्या विम्यापुरता. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाची किंमत गाडीच्या किमतीवर थोडीच ठरते!

तिऱ्हाइताच्या विम्याचा हप्ता विमा कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये, आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये असा दर ठरला. यावर कर निराळा. या दरांत गाडीच्या वयाचा उल्लेखही नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, म्हणून ती पहिल्या वर्गात बसते. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी दिसावयास साधी, पण तिचे इंजिन १,०८९ चे, म्हणून ती दुसऱ्या वर्गात जाते. गाडी बुऱ्हाणपुरात फिरो की पुण्यात, या हप्त्यात एका पैशाचाही फरक पडत नाही.

या दोन हजारांच्या मोबदल्यात काय मिळते, हे एका हिशेबाने पाहू. हिशेब कल्पित असला, तरी त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या खटल्यांत घालून दिलेली आहे. समजा, आपल्या गावातील यंत्रमागावर काम करणारा २८ वर्षांचा विणकर मोटारीच्या धडकेने मृत्यू पावला. त्याची मासिक कमाई १२,००० रुपये, घरी पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. तो तरुण होता, पुढे त्याची मिळकत वाढली असती, म्हणून तीत शेकडा ४० ची भर घालतात : १६,८०० रुपये. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतात : १२,६०० रुपये. वर्षाचे झाले १,५१,२०० रुपये. या वयास १७ हा गुणक ठरलेला आहे. गुणाकार केला की रक्कम येते २५,७०,४०० रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा त्यात आणखी मिळवावयाच्या.

विमा असेल तर ही रक्कम कंपनी भरते. मृत्यू व शारीरिक इजा यांबाबत तिच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही. विमा नसेल तर ती मालकाने भरावयाची. ऐंशी हजारांची गाडी विकून ती कशी फिटणार? मग घरावर आणि शेतावर जप्ती येते. आणि मालकाजवळ काहीच नसले, तर त्या विणकराच्या विधवेच्या हाती न्यायाधिकरणाच्या हुकुमाचा नुसता कागद राहतो. मला तर ही दुसरी गोष्ट अधिक दारुण वाटते. कित्येक गाड्या विम्याविना धावतात हे पाहूनच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदम घ्यावा लागतो. जुन्या गाडीला हे लागू नाही. तिच्या मालकाने दर वर्षी आठवण ठेवावयाची. विम्याविना गाडी चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपये आहे, म्हणजे हप्त्याहूनही थोडा कमी! ‘सापडलो तर पाहू’ म्हणणारे लोक याच तुलनेवर फसतात. दंडासोबत तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे ते विसरतात.

येथे तुम्हा मुलांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. विमा चालू असूनही परवाना नसलेल्याने गाडी चालवली, तर कंपनी जखमी माणसास दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. वडील झोपले असता किल्ली उचलणाऱ्या नववीतल्या वीरांनी वरचा पंचवीस लाखांचा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

आता दुसरा, म्हणजे स्वतःच्या गाडीचा विमा. यात मात्र वयाला महत्त्व आहे, आणि ते मोठ्या गमतीचे आहे. गाडी म्हातारी झाली की हप्त्याचा दर वाढतो, पण हप्ता घटतो! २००२ च्या दरपत्रकात मुंबई, पुणे आदी आठ महानगरे एका विभागात, आणि आपले बुऱ्हाणपूर व पलीकडचे रावेर धरून उरलेला देश दुसऱ्या विभागात घातला होता. या दुसऱ्या विभागात लहान मोटारीस पाच वर्षांपर्यंत शेकडा ३.०३९, आणि दहा वर्षांनंतर ३.२६७ असा दर होता. चार लाखांच्या नव्या गाडीचा हप्ता १२,१५६ रुपये होई, तर ऐंशी हजारांच्या जुनीचा सुमारे २,६१४. १ जानेवारी २००७ पासून कंपन्या हे दर आपापले ठरवू लागल्या. समजुतीसाठी मात्र जुने कोष्टकच सोयीचे पडते. गाडीची किंमत पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या घसाऱ्याने काढतात. त्यापुढे ती मालक आणि कंपनी यांनी संमतीने ठरवावयाची असते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबले, तेव्हा अशा प्रत्येक गाडीची किंमत आता संमतीचीच. ती उगाच फुगवू नये, आणि हप्ता वाचावा म्हणून पाडूनही घेऊ नये.

हप्ता कमी, म्हणून आनंद मानावा, तर भरपाईही कमी. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर शेकडा ५० घसारा कापतात. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर तर गाडी कितीही नवी असो, शेकडा ५०. काचेवर घसारा नाही. समजा, प्लॅस्टिकचा बंपर ३,०००, बॉनेट ६,०००, समोरची काच ४,००० आणि मजुरी ४,००० असे १७,००० रुपयांचे बिल झाले. त्यातले १२,५०० मान्य होतील, आणि मालकाने सोसावयाचे १,००० वजा जाऊन हाती ११,५०० पडतील.

दावा केला नाही तर पुढील हप्त्यात सूट मिळते : पहिल्या वर्षानंतर शेकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक दावा केला की ही शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते. वरील २,६१४ च्या हप्त्यावर पुन्हा पन्नासपर्यंत पोचेतो सुमारे ३,२६० रुपये जादा भरावे लागतील. म्हणून दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करणे शहाणपणाचे नव्हे. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तरीही ही सूट जाते.

तेव्हा हा दुसरा विमा घ्यावा की नाही? माझे मत असे, की गाडी गेली असता दुसरी घेण्याची ऐपत घरात असेल, तर तो सोडून देण्यास हरकत नाही. पण त्याच गाडीवर रोज दुकानाचा माल येत असेल किंवा आजाऱ्याला दवाखान्यात नेणे होत असेल, तर पूर्ण सूट मिळालेल्या मालकास तेराशे रुपये जड नसावेत. चोरी, आग, पूर या आपत्ती यातच येतात. तापीला पूर येतो तेव्हा राजघाटाच्या आसपास गाडी उभी करणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नकोच. मात्र पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन घाईने सुरू करून ते बिघडवले, तर ते नुकसान कंपनी सहसा मान्य करीत नाही. गाडी ओढून बाहेर काढावी आणि मिस्त्रीला दाखवावी. तसेच दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीच्या शेकडा ७५ हून अधिक होणार असेल, तर गाडी पूर्ण बाद धरतात. ऐंशी हजारांच्या गाडीला ही सीमा साठ हजारांवरच येते, आणि एका मोठ्या धडकेत साठ हजार सहज होतात.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. विक्रीबरोबर तिऱ्हाइताचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीचा विमा तसा जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावे लागते. जमलेली सूट गाडीची नसते, माणसाची असते. ती विकणाऱ्याजवळच राहते आणि त्याच्या पुढच्या गाडीला उपयोगी पडते. ‘पन्नास टक्के सूट असलेली गाडी आहे’ असे सांगून कुणी दोन पैसे जास्त मागू लागला, तर ते देऊ नयेत.