पाळी आणि सातबारा : मेनफ्रेमच्या टेपांची वाटणी

शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे. दौंडच्या शेतांना नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी मिळते. दोन्हीकडच्या शेतकऱ्याला वाटणीच्या दोन रीती ठाऊक असतात. पाणी पाळीने मिळते, जमीन सातबाऱ्याने. पाळी संपली की पाणी पुढच्याचे. पण जमीन पाळीने फिरत नाही. मोठ्या संस्थांच्या मेनफ्रेम संगणकांना टेपांचा साठा वाटून देताना हाच भेद पाळावा लागतो.

आयबीएमने १९८४ साली आणलेल्या ३४८० जातीच्या टेप-काडतुसात २०० मेगाबाइट माहिती मावत असे. आजच्या काडतुसांत अनेक टेराबाइट मावतात, आणि मांडणीवर ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही. म्हणून जुने हिशेब अजूनही तिच्यावरच जपले जातात. १९९३च्या ३४९४ या टेप-ग्रंथालयात यांत्रिक हात काडतूस उचलून ड्राइव्हमध्ये घालतो. असे ग्रंथालय महाग, म्हणून एकाच ग्रंथालयावर अनेक संगणक-प्रणाली काम करतात.

यातले ड्राइव्ह म्हणजे पाणी. एका प्रणालीने ड्राइव्ह आपल्या नावे लावून घेतला की तो सोडेपर्यंत दुसरीला मिळत नाही. पूर्वी ही अदलाबदल ऑपरेटर हाताने करी. पुढे ‘ऑटोमॅटिक टेप स्विचिंग’ने एकत्र जोडलेल्या प्रणालींत ती आपोआप होऊ लागली. चाचणीच्या प्रणालीने रात्री ड्राइव्ह अडवून ठेवले, तर मुख्य प्रणालीचे काम सकाळपर्यंत रखडते. तरी हे नुकसान वेळेचेच असते.

काडतूस मात्र जमिनीसारखे आहे. ग्रंथालय प्रत्येक काडतुसावर एक वर्गांक लावते. मूळ मांडणीत पहिल्या प्रकारच्या कोऱ्या टेपांचा वर्गांक ०००१ असतो, आणि तो प्रत्येक प्रणालीत सारखाच असतो. प्रणालींची नोंदवही एकच असेल तर हरकत नाही. वह्या वेगळ्या असतील तर मात्र वर्गांक वेगळे करावेच लागतात. झेड/ओएसमध्ये हे काम ‘डेव्हसप’ या मांडणी-यादीत होते.

नवे काडतूस आत टाकले की ग्रंथालय जोडलेल्या सर्व प्रणालींना वर्दी देते. तेव्हा प्रत्येक प्रणालीकडे ‘हे माझे’ किंवा ‘माझे नाही, सोडून दे’ असे ठरवणारा छोटा कार्यक्रम हवा. काडतुसांच्या क्रमांकांचे पट्टे आधीच वाटून दिलेले असले की हा निर्णय सोपा होतो. तो कार्यक्रम नसेल तर वर्दीवर जी प्रणाली आधी पोचेल ती काडतूस आपल्या वहीत चढवते.

खरा धोका एकच काडतूस दोन वह्यांत असण्याचा. एका वहीत त्याची मुदत संपलेली, दुसरीत त्यावर चालू हिशेब. पहिली प्रणाली ते कोरे ठरवते आणि त्यावर नवे लिहिते. टेपवर पुन्हा लिहिले की खालचे गेले. पाळी चुकली तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहता येते. इथे परत मिळवण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून ड्राइव्हची वाटणी कामाच्या गर्दीप्रमाणे रोज बदलली तरी चालते. काडतुसांची मात्र पहिले काडतूस आत जाण्यापूर्वीच करावी लागते. प्रणाली विभागल्या किंवा एकत्र आल्या, की आधी वह्या जुळवायच्या आणि मगच टेपा हलवायच्या. फेरफार नोंदल्याशिवाय नांगर घालू नये, हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही.